तुम्ही विचारलंत म्हणून: एड मागितली की ॲडमिशन जाते का?

दिवाळी आली की फोन सुरू होतात. आधी नाशिकचा मामेभाऊ, मग इथले न्यू जर्सीच्या एडिसनमधले शेजारी, परवा तर देवळात प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी गाठलं. प्रश्न सगळ्यांचा एकच, "तुमच्या मुलाने अमेरिकन कॉलेजांत अर्ज केला तेव्हा फायनान्शियल एड, म्हणजे फीसाठी पैशाची मदत, मागितली होतीत का, आणि मागितली की ॲडमिशन देत नाहीत म्हणतात ते खरंय का?" दरवेळी उभ्या उभ्या अर्धवट सांगून होतं, म्हणून आता एकदाच नीट सांगतो.

कॉलेजवर आहे, आणि तुमच्या कागदपत्रांवरही. काही कॉलेजं नीड-ब्लाइंड, म्हणजे मुलाला घ्यायचं की नाही हे ठरवताना घरचा पैसा बघायचा नाही. काही नीड-अवेअर, ती बघतात. आणि गंमत म्हणजे एकच कॉलेज सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी (म्हणजे कायम राहायची परवानगी असलेल्यांसाठी) ब्लाइंड आणि बाकीच्यांसाठी अवेअर असतं, स्टॅनफर्ड, कॉर्नेल ही त्यातलीच. भारतातून अर्ज करणाऱ्या मुलाचाही पैसा न बघणारी फार थोडी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, अजून दोन-चार धरा.

आता अवेअर म्हणजे पैसे मागितले की फाइल थेट कचऱ्यात, असंही नाही. ज्या मुलाला घ्यायचंच आहे त्याला घेतातच, फटका बसतो काठावरच्यांना. ओरेगनच्या रीड कॉलेजचं उदाहरण घ्या, २००९ च्या मंदीत एडचं बजेट संपलं तेव्हा त्यांनी घ्यायच्या यादीतून शंभरावर गरजू मुलं काढली आणि त्यांच्या जागी फी भरू शकणारी घेतली, पेपरात छापून आलं होतं.

आमचं काय झालं ते सांगतो. मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मुलगा एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर, ग्रीन कार्डची लाइन आपल्याला माहितीच आहे. शाळा सगळी न्यू जर्सीत झाली, पण सरकारी मदतीचा फॅफ्सा फॉर्म त्याला भरताच येत नाही आणि बहुतेक कॉलेजांच्या हिशोबात तो इंटरनॅशनल. राहिला सीएसएस प्रोफाइल, कॉलेजांच्या स्वतःच्या मदतीसाठीचा. तो फॉर्म म्हणजे काय विचारू नका, पगार, सेव्हिंग्ज, आणि राहत्या घराशिवाय दुसरी प्रॉपर्टी असेल तर तिची आजची किंमत. डोंबिवलीचा फ्लॅट माझ्या आणि बाबांच्या नावावर, म्हणून त्यांना फोन लावला की हल्ली काय रेट चाललाय, तर तिकडून एकदम, "विकतोयस की काय?" पुढचा अर्धा तास त्यांची समजूत घालण्यात गेला.

आणि मग एका कॉलेजपाशी माझी हिंमत गेली. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या वेबसाइटवर, प्रत्येक कॉलेजच्या पानावर साधारण असा प्रश्न असतो, एड मागणार का, हो की नाही. हे कॉलेज नीड-अवेअर, मुलाला मनापासून आवडलेलं, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, मुलगा म्हणाला बाबा 'नाही' करूया, मीही म्हटलं कर, आधी आत तर जाऊ दे, पैशाचं नंतर बघू.

घेतलं त्याला. वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर. मी एडसाठी मेल केला, दोन ओळींचं उत्तर आलं, प्रवेशाच्या वेळी न मागणाऱ्या इंटरनॅशनल विद्यार्थ्यांना पुढे चारही वर्षं मागता येत नाही. नियम त्यांच्या वेबसाइटवर होता, मीच वाचला नव्हता. मुलगा आता स्टेट युनिव्हर्सिटीत आहे, मजेत आहे, पण ते प्रवेशाचं पत्र त्याच्या ड्रॉवरमध्ये अजून आहे.

बरं, ब्लाइंड म्हणवणारी सगळी धुतल्या तांदळासारखी आहेत असंही समजू नका. २०२२ मध्ये सतरा नामांकित युनिव्हर्सिट्यांवर खटला झाला, आरोप हाच की एडचं गणित संगनमताने ठरवता आणि काही जण श्रीमंतांना झुकतं मापही देता. त्यातल्या दहांनी २०२४ च्या सुरुवातीपर्यंत मिळून २८.४ कोटी डॉलर देऊन मिटवलं, चूक मान्य न करता. आणि फॉर्मवर टिक न करताही पैसा दिसतोच की. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि मंडळींचा २०२३ चा अभ्यास आहे, सॅट या प्रवेशपरीक्षेचे मार्क सारखे असले तरी हार्वर्ड-येलसारख्या आयव्ही लीगच्या आणि तसल्या बारा कॉलेजांत सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात पोचतात. कारणं काय, तर आईवडील तिथलेच माजी विद्यार्थी, फेन्सिंग-रोइंगसारखे खेळ, खाजगी शाळांची भारी शिफारसपत्रं. आपण मात्र एका टिकमार्कवर झोप घालवतो.

मामेभावाला मी कॉलेजांची यादी घेऊन बसवलं, प्रत्येकाच्या वेबसाइटवर इंटरनॅशनलचं पान उघडायला लावलं आणि जिथे गरज आहे तिथे सरळ 'हो' करायला सांगितलं. म्हणाला, "आणि त्यामुळे नाही घेतलं तर?" मी म्हटलं, अरे, मग 'नाही' करून घेतलं असतं तर फी कुठून भरणार होतास?