तुम्ही विचारलंत म्हणून: आयर्लंडचे दगडी क्रॉस आणि ते गोल कडं

आयर्लंडमध्ये राहतो म्हटलं की फोटो बघणारे दोन प्रश्न हमखास विचारतात, हे कुणाचं थडगं आणि क्रॉसभोवती ते गोल कडं कशाला? पाहुणे आले की मी त्यांना द्रोहेडा शहराजवळच्या मोनास्टरबॉइसच्या जुन्या मठात नेतो, तिथे गाडीतून उतरल्या उतरल्या पण हेच. म्हणून एकदाच सविस्तर.

तर थडगं नाही. गोंधळ होणारच म्हणा, आजूबाजूला सगळी दफनभूमी आहे आणि त्यातल्या कित्येक कबरींवर तसलेच कडंवाले क्रॉस आहेत, पण ही कबरींवरची फॅशन 19व्या शतकातली. जुने मोठे क्रॉस हजारेक वर्षांपूर्वीचे, मठाच्या आवारात उभे केलेले. एकावर एक कोरलेल्या चौकटी बघून आपल्या लोकांना वीरगळ आठवतो आणि वाटतं इथेही कुणीतरी लढाईत पडला असणार. वीरगळ गेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा करतात, हा क्रॉस मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याकडून प्रार्थना मागतो. शब्दशः मागतो हं! इथल्या म्युरेडाकच्या क्रॉसवर खाली जुन्या आयरिशमध्ये कोरलंय की हा क्रॉस ज्याने करवून घेतला त्या म्युरेडाकसाठी प्रार्थना करा. हा म्युरेडाक बहुतेक इथला मठाधिपती, 923 च्या सुमारास वारलेला. पाच मीटरच्या वर उंचीचं वालुकाश्मातलं एवढं काम करून घेतलं आणि बदल्यात मागितलं काय, तर प्रार्थना. मला हे फार आवडतं.

पूर्वेच्या बाजूला मधोमध ख्रिस्त, शेवटच्या न्यायाचा दिवस. एकीकडे तरलेले लोक, त्यांच्यात वाद्यं वाजवणारे, दुसरीकडे सैतान पापी लोकांना हाकलत नेतोय. त्याच्या खाली देवदूत मायकेल तराजूत आत्मा तोलतोय आणि सैतान तराजूखाली आडवा पडून पारडं आपल्याकडे झुकवायला बघतोय, म्हणजे काटा मारणं तिथेही! सगळ्यात खाली आदम-ईव्ह आणि त्याच चौकटीत शेजारी त्यांचा मुलगा केन सख्ख्या भावाला, हाबेलला मारतोय, म्हणजे पहिलं पाप आणि पहिला खून एकत्र. पश्चिमेला मधोमध क्रुसावरचा ख्रिस्त, एका बाजूला त्याला भाला मारणारा, दुसऱ्या बाजूला स्पंजने आंब पाजणारा.

बरेच जण सांगतात की ही निरक्षरांसाठी चित्रांची बायबल. मला ते अर्धंच पटतं, कारण किल्डेअर परगण्यातल्या मून गावचा क्रॉस बघा. तो ग्रॅनाइटचा, दगड कडक म्हणून माणसं अगदी चौकोनी, बारा प्रेषित तर ठोकळेच, पण बायबलमधले विषय कसे निवडलेत बघा: सिंहांमधला डॅनियल, भट्टीतले तीन तरुण, बळी जाता जाता वाचलेला इसहाक. सगळे देवाने ऐनवेळी सोडवलेले लोक. मरणाऱ्याच्या उशाशी म्हणायच्या जुन्या प्रार्थनेत अशीच यादी असते, डॅनियलला सिंहांपासून सोडवलंस तसं या आत्म्याला सोडव. हे गावकऱ्यांपेक्षा रोज प्रार्थना म्हणणाऱ्या मठवासीयांना जास्त कळत असणार. त्याच क्रॉसवर इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी पॉल आणि अँथनी पण आहेत, कावळ्याने आणलेली भाकरी वाटून घेणारे, आयरिश मठवाले त्यांना आपले पूर्वजच मानायचे.

आता कडं. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या सेंट पॅट्रिकने सूर्यपूजकांना खूश करायला क्रॉसवर सूर्य बसवला ही गोष्ट टूर बसमध्ये छान वाटते, पण तिला जुन्या लिखाणाचा आधार नाही, पॅट्रिक 5व्या शतकातला आणि हे क्रॉस त्याच्यानंतर काही शतकांनी आले. काही अभ्यासक म्हणतात की दगडाचे जड हात तुटू नयेत म्हणून आधार, काही म्हणतात रोमन काळापासून ख्रिस्ताच्या चिन्हाभोवती विजयाची माळ दाखवायचे तिचंच हे रूप. टिपररी परगण्यातल्या अहेनी गावचे क्रॉस बघितले तर अजून एक गोष्ट लक्षात येते, त्यांच्यावर माणसं कमी आणि गुंफलेली नक्षी जास्त, वर मोठमोठे गोल उंचवटे, जणू लाकडी क्रॉसवर धातूचा पत्रा ठोकून खिळे मारलेत. माझं मत विचाराल तर आधार आणि माळ दोन्ही, एक कारण असलं की दुसरं नसतंच असं थोडंच आहे.

क्लोनमॅकनॉइस या दुसऱ्या जुन्या मठातले मूळ क्रॉस आता इमारतीच्या आत हलवलेत, बाहेर दिसतात त्या प्रतिकृती. म्युरेडाकचा मात्र अजून पावसातच उभा आहे. जाणार असाल तर सकाळी जा, दुपारनंतर पूर्वेच्या बाजूवर सावली येते आणि तराजू-बिराजू नीट दिसत नाही.