सीमेवरची सून आणि तिची सही

तांदळाच्या ताटात अंगठीच्या टोकानं नवरीचं नाव लिहायला अर्धं मिनिट लागतं. तेच नाव आधार, रेशनकार्ड, पासबुक, मतदारयादी आणि पुढं पोराच्या जन्मदाखल्यावर एकसारखं यायला वर्ष जातं. माहेर चंदगडचं आणि सासर बेळगावचं असेल तर त्याहून जास्त. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका पलीकडं, आजच्या महाराष्ट्रात गेला. बेळगाव, खानापूर, निपाणी इकडं, आजच्या कर्नाटकात राहिली. सोयरिकी काही त्या रेषेनं थांबल्या नाहीत. वऱ्हाड शिनोळीवरून आरामात येतं. कागद अडतात.

लग्नानं माणूस बदलतो असं म्हणताना आपल्या मनात स्वभाव असतो. बाईच्या बाबतीत आधी बदलते ती हाक. काल ‘मारुतीची पोरगी’, आज ‘पाटलांची सून’, दिरांची ‘वैनी’, दोन वर्षांनी ‘बाळ्याची आई’. तोंडातली नावं आपसूक बदलतात, कुणी पुरावा मागत नाही. कागदावरचं बदलायचं की नाही, हे मात्र ठरवावं लागतं, आणि तेही लग्नाआधी. सासरचं आडनाव लावलंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. मुलीची डिग्री, नोकरी, पासपोर्ट असं काही असेल तर नाव आहे तसंच ठेवावं. दहावीचं गुणपत्रक काही लग्न झालं म्हणून नव्या नावानं मिळत नाही. सासऱ्यांना वाईट वाटत असेल तर आधारच्या पत्त्यात ‘केअर ऑफ’ म्हणून नवऱ्याचं नाव घालता येतं. नाव माहेरचं, पत्ता सासरचा, दोन्हीकडची मंडळी खूश.

बदलायचं ठरलं तर आधी एका कोऱ्या कागदावर इंग्रजी स्पेलिंग लिहून काढा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. सासरचं नाव लावण्यात एक संधी जाते. स्पेलिंग चुकलं तर दुसरीही गेली. आणि चूक कुठं होते ते इकडच्यांना पाठ आहे. कोल्हापूरकडं ‘सविता’मधला त नुसत्या ‘टी’नं लिहितात. कर्नाटकात ‘टी’ ट साठी राखून ठेवलेला, म्हणून त साठी ‘टी-एच’. लता, गीता, ज्योती, सगळ्यांच्या नावात हा एच शिरतो. आधार केंद्रातला पोरगा चुकत नसतो, त्याच्या सवयीनं बरोबरच टाईप करत असतो. पावती हातात देण्याआधी तो पडद्यावर नाव दाखवतो, तेव्हा एकेक अक्षर बोटानं मोजायचं. दुसरी खोड आद्याक्षरांची. इकडं ‘एस. एम. पाटील’ असं लिहायची पद्धत आहे, पण पॅनच्या अर्जात पहिलं नाव आणि आडनाव पूर्ण लागतं. पॅनवर वडिलांचं नाव असतं ते लग्नानंतरही वडिलांचंच राहतं. तिथं नवऱ्याचं नाव घालायचा हट्ट धरू नये. पॅनचा नंबरही तोच राहतो.

आणि नावात ‘सौ.’ कुठंही घालू नका. जुन्या उताऱ्यांवर आणि रेशनकार्डांवर ते असतं, आणि पुढं नवरा गेल्यावर तेच नाव जुळेनासं होतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. कागदावरच्या ‘सौ.’ला ठरावाची गरज नाही, मुळात लिहिलं नाही की झालं.

सगळ्याची किल्ली म्हणजे लग्नाची नोंद. कर्नाटकात १९७६ च्या कायद्यानं ती सक्तीची आहे. हिंदू विवाह कायद्याखालची नोंद उपनिबंधक कार्यालयात होते. लग्नपत्रिका, विधीचा फोटो, दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार. घोटाळा होतो तो पत्रिकेमुळं. पत्रिकेवर ‘चि. सौ. कां. पिंकी’ आणि आधारवर ‘प्रियांका’, मग कारकून पत्रिका परत करतो आणि त्याचं चुकत नाही. पत्रिका छापायला देतानाच आधारवरचं नाव द्या, लाडाचं नाव हवं तर पुढं जोडा. प्रमाणपत्रावर मुलीचं माहेरचं नाव असलं पाहिजे. लग्नाआधीची आणि नंतरची बाई एकच, हे सांगणारा तोच एक कागद असतो. तो इंग्रजीतही आहे का ते तिथंच बघून घ्यावं. नुसता कन्नडमधला कागद पलीकडच्या तलाठ्याला कोण वाचून दाखवणार?

प्रमाणपत्र आलं की आधारवर नाव आणि पत्ता एकाच फेरीत बदला. मग बँक. तिथं सही अडते. वीस वर्षं ‘सु. मा. देसाई’ करणारा हात सुला उकार देतो, माचा काना ओढतो आणि देसाईच्या मात्रेशी आल्यावर थबकतो. नवी सही ठरवायची तर घरी पानभर गिरवून जा, कारण नमुना म्हणून दिलेली सही आणि महिन्यानंतर स्लिपवर केलेली सही जुळली नाही की पैसे मिळत नाहीत. खरं तर नाव बदललं म्हणून सही बदलावी लागत नाही. मराठीतली जुनी सही बँकेच्या नोंदीत असेल तर ती चालते. मतदारयादीसाठी फॉर्म ८. राज्य बदललं तरी नव्या मतदारांचा फॉर्म ६ भरू नका, दोन्हीकडं नाव राहतं आणि तो गुन्हा आहे.

रेशनकार्डाचा क्रम उलटा झाला तर सगळं अडतं. आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, मग सासरच्या कार्डात नाव. मधल्या काळात मुलगी दोन्हीकडं नसते, आणि हे फक्त धान्यापुरतं नाही. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात लाडक्या बहिणीला महिना १५०० रुपये. रहिवास कर्नाटकाचा झाला की ते बंद. इकडं ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये, पण ते कार्डावरच्या यजमानीला, म्हणजे कुटुंबप्रमुख बाईला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली सगळ्यात मोठी बाई ती यजमानी, म्हणजे सासू. नुसत्या २००० रुपयांसाठी वेगळं कार्ड काढायचा सल्ला शेजारणी देतात. चूल खरंच वेगळी नसेल तर पडताळणीत ते उघडं पडतं. एसटीत मात्र पत्ता कुणी विचारत नाही, कुठल्याही बाईला अर्धं तिकीट. कर्नाटकाच्या बसमध्ये शून्य तिकिटाला, म्हणजे फुकट प्रवासाला, आधारवर नाहीतर दुसऱ्या सरकारी ओळखपत्रावर कर्नाटकाचा पत्ता लागतो, म्हणून नव्या सुनेला पहिले काही महिने पूर्ण पैसे मोजावे लागतात.

मग बाळंतपण. पहिलं माहेरी, त्यामुळं बाळ गडहिंग्लजला नाहीतर कोल्हापुरात जन्मतं, आणि जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते. घर कुठं आहे याचा संबंध नाही. दवाखान्यात केसपेपर काढताना आई जे आधार पुढं करते, तेच नाव जन्मदाखल्यावर आईचं नाव म्हणून जातं. बहुतेक जणींचं ते अजून माहेरचंच असतं. बाराव्याला बारसं होईतो नोंद गेलेली असते आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. नाव नंतर भरता येतं: पहिल्या १२ महिन्यांत फुकट, पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण आईचं नाव दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र, लग्नाचं प्रमाणपत्र आणि जन्मगावाला फेऱ्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट या सगळ्याला जन्मदाखलाच पुरावा आहे, त्यामुळं ‘नंतर बघू’ला जागा उरलेली नाही. सातव्या महिन्यात ओटी भरायला माहेरी निघताना पिशवीत बदललेलं आधार असावं. तोवर बदललं नसेल तर बाळंतपण होईपर्यंत बदलू नका, दाखल्यावर माहेरचं नाव येऊ द्या आणि लग्नाचं प्रमाणपत्र त्याला कायम जोडून ठेवा.

वडील गेल्यावर माहेरची वाट पुन्हा कागदातून जाते. वंशावळीत तिचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं, आणि भाऊ हक्कसोडपत्राची तारीख ठरवून मोकळा. मुलीचा वाटा हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलाइतकाच आहे. सही करायची की नाही ते तिनं ठरवावं, पण करणार असेल तर कागद आधी घरी आणून वाचावा. उपनिबंधकाच्या टेबलावर वाचायला वेळ देत नाहीत.

सासू गेली की रेशनकार्डावरचं पहिलं नाव कापलं जातं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा, दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या, कार्डात यजमानी बदला. त्याशिवाय गृहलक्ष्मीचा नवा अर्ज घेत नाहीत. आता यजमानीच्या रकान्यात सुनेचं नाव येतं, आणि खाली तिची सही लागते. एवढ्या वर्षांनी आधारवरचा एच आणि पासबुकातला नसलेला एच तिथं समोरासमोर येतात. अर्ज भरण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून एकदा बघा.