पेटीला न येणारी मींड

"जी मींड माझ्या पेटीला आयुष्यभर आली नाही, ती या यंत्राला कशी येते?" शहापूरच्या घरी आज संध्याकाळी, सिंथेसायझरच्या जोडीला सारंगी आणि तबला असलेला एक नवा अल्बम ऐकताना काकांनी विचारलेला हा प्रश्न अजून मनातून जात नाही.

मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, आणि तशी सोय सिंथेसायझरमध्ये असते. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्येच त्यावर राग वाजवले होते. पेटीला मात्र मींड नाही, हा आक्षेप इतका जुना की ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर घातलेल्या बंदीमागेही तो होता.

काकांनी तो तुकडा तीनदा ऐकला आणि चौथ्यांदा भाता उघडून हलकेच साथ धरली. त्यांना जे परके वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे?