तुम्ही विचारलंत म्हणून : यात रंग कोणता मारलाय?

आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर लाकडाचा एक हुदहुद आहे. तुरा उभारलेला, चोच खाली वळलेली, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. आलेला माणूस चहाचा कप खाली ठेवतो आणि विचारतो, "ताई, यात रंग कोणता मारलाय?" शेजारच्या काकूंनी विचारलं, शिकवणीच्या मुलांच्या आयांनी विचारलं, परवा सिलिंडर घेऊन आलेल्या मुलानंही विचारलं. कुठलाच नाही म्हटलं की उठून जवळ जातात, बोट फिरवून बघतात. तरी पटत नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

काळे पट्टे शिसवाचे आहेत. पांढरे शिवण या झाडाच्या लाकडाचे. अंगाचा तांबूस रंग तुणाचा, तुऱ्याचा पिवळा फणसाचा आणि चोच बाभळीच्या गाभ्याची. एकूण ४३ तुकडे. प्रत्येक वेगळा कापलेला, कडेनं गोलवलेला, शेजारच्याला घासूनपुसून भिडवलेला आणि शेवटी ६ मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवलेला. वर फक्त तेल. या कामाला इंटार्शिया म्हणतात. शब्द इटलीचा. पंधराव्या शतकात तिथे हे काम फार भरात होतं. उर्बिनोच्या ड्यूकच्या राजवाड्यात १४७०च्या दशकातली एक छोटी अभ्यासिका आहे, तिच्या भिंतींवर अर्धवट उघडी कपाटं, पुस्तकं, वाद्यं दिसतात, आणि प्रत्यक्षात भिंत सपाट असते. सगळा भास लाकडाच्या रंगांचा. हल्ली आपण करतो त्यात तुकडे उंचसखलही ठेवतात, म्हणून पक्षी भिंतीतून थोडा पुढे आल्यासारखा वाटतो.

मिरजेच्या तंबोऱ्यावर नक्षी असते, तसंच का, असंही काही जण विचारतात. नाही. ते जडावकाम, तिथे खाच कोरून तिच्यात दुसरी वस्तू बसवतात. इथे खाच नाहीच. तुकड्याशेजारी तुकडा, बस. पण मिरजेचं ऋण आहे माझ्यावर. माझं तूण सितारमेकर गल्लीतल्या एका काकांकडचं. सतारीच्या दांड्या घडवताना उरलेले तुकडे त्यांनी पोतंभर दिले, पैसे घेतले नाहीत. हलकं, तांबूस, पटाशीखाली लोण्यासारखं जाणारं लाकूड. शिकणाऱ्यानं खरं तर तिथूनच सुरुवात करावी.

मी केली ती शिसवापासून, आणि त्याला कारण २०१९चा पूर. माझं माहेर सांगलीच्या गावभागात. त्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि आमच्या घरात ते काही दिवस मुक्कामालाच होतं. ओसरल्यावर गल्लीभर सामानाचे ढीग लागले. नवी कपाटं, टीव्हीची युनिटं, सगळ्यांचे बोर्ड फुगून पापुद्रे सुटलेले. आजोबांचा शिसवी पलंग मात्र सांधे निखळून चिखलात पडला होता आणि लाकूड आतून ठणठणीत होतं. भंगारवाला गाडी घेऊन दारात आलेला. मी त्याला पलंग देऊ शकले नाही. चारही खूर आणि डोक्याकडची फळी रिक्षात घालून विश्रामबागला घेऊन आले. पुढे काय करायचं ते तेव्हा माहीत नव्हतं.

दोन महिन्यांत त्यातूनच पहिली कोयरी केली. पाच तुकडे, हाताच्या कोपिंग करवतीनं. इंचभर जाडीचं शिसव हातानं कापताना मनगट भरून यायचं, पण दिवाळीत ती भिंतीवर लावली तेव्हा सांध्यात कागदही शिरत नव्हता. चैत्रात त्याच सांध्यांतून पलीकडचा प्लाय दिसायला लागला. मला फार वाईट वाटलं, कारण लाकूड आजोबांचं होतं. आमच्या गल्लीतल्या सुतारमिस्त्रींनी कोयरी हातात घेऊन सांगितलं, "ताई, लाकूड त्याच्या अंगच्या रेषेच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, म्हणजे फुगतं-आकसतं. ओलं होतं ते. जाडीच्या इंचाला एक वर्ष सुकवायचं." मग उरलेलं सगळं जिन्याखाली, सावलीत, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून रचलं आणि वर्षभर हात लावला नाही. जुन्या लाकडात खिळेही असतात. कापण्याआधी लोहचुंबक फिरवते, पात्याचे दात वाचतात.

त्या वर्षात मी फक्त लाकूड बघायला शिकले. मला वाटतं, या कामाचा मोठा भाग तोच आहे. वखारीत कोपऱ्यात पडलेला तुकडा मळकट करडा दिसतो. ओलं फडकं फिरवा, क्षणभर त्याचा खरा रंग वर येतो. तेल लावल्यावर साधारण तसाच दिसणार. चिंचेचा ओंडका बाहेरून फिका असतो आणि गाभ्यात गडद जांभळट तपकिरी. सागाच्या एकाच फळीत मधाचा रंगही मिळतो आणि चहाचाही. रंगाइतकीच महत्त्वाची रेषेची दिशा. हुदहुदाच्या पंखात रेषा पिसांबरोबर जायला हवी, मानेवर मानेबरोबर वळायला हवी. माझ्या पहिल्या हुदहुदात सांधे छान बसले होते, पण छातीवरच्या रेषा आडव्या गेल्या आणि पक्षी बरणीसारखा दिसायला लागला. तो मी मोडला. आता चित्राच्या चार-पाच झेरॉक्स काढते, एक मूळ प्रत जपून ठेवते, बाकीच्यांतून एकेक आकार कापून लाकडावर चिकटवते आणि प्रत्येकावर आधी बाण काढते, रेषा कुठे जाणार त्याचा.

आता स्क्रोल सॉ आहे, म्हणजे विजेवर चालणारी, बारीक पात्याची करवत. त्यावर एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची. पातं टेबलाशी काटकोनात हवं. ते जरा कललं, तर वरून तुकडे भिडतात आणि खाली अडतात, किंवा उलटं. तपासायला एका जाड ठोकळ्यात थोडी खाच मारायची, ठोकळा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला न्यायचा. पातं त्याच खाचेत अलगद शिरलं तर काटकोन आहे. लाकूड जळायला लागलं तर वरून पॅकिंगची पारदर्शक टेप लावून कापायचं. टेपमुळे पातं कमी तापतं.

उंचसखलपणा पाहुण्यांना जादू वाटतो, पण तो साधा हिशेब आहे. जो भाग पुढे हवा, त्याच्याखाली ३ मिलिमीटर प्लायचा तुकडा. मग शेजारच्या तुकड्यावर पेन्सिलीनं उंचीची खूण करून त्या रेषेपर्यंत पॉलिश पेपरनं उतरवत न्यायचं. यालाच सगळ्यात जास्त दिवस जातात. मास्क लावल्याशिवाय हे करू नका, मी कळकळीनं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे. शिसवाच्या भुशानं माझ्या हातांवर पुरळ उठायचं. आता एन-९५ मास्क, पूर्ण बाह्या, आणि काम गच्चीत.

एक गोष्ट आणखी. तुऱ्याचा पिवळा तुम्हाला आज दिसतो तेवढाच नव्हता. ताजा कापलेला फणस हळदीसारखा असतो, उजेडात वर्षावर्षानं तो तपकिरीकडे जातो. मी तो थांबवत नाही. निवडतानाच पुढचा रंग धरून चालते.

गेल्या महिन्यात भाच्यानं खंड्या मागितला. डोकं तांबूस, ते तुणाचं होईल. छाती शिवणीची, चोच बाभळीची. पाठ निळी, आणि आपल्याकडच्या कुठल्याच लाकडात तो निळा नाही. "मग रंग मार ना, मावशी," तो म्हणाला. मी त्याच्यासमोर शिसवाच्या तुकड्यावर ओलं फडकं फिरवलं. काळ्यातून जांभळी झाक वर आली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे चालेल." आजोबांच्या पलंगातला तो शेवटचा वीतभर तुकडा आहे. काढून ठेवलाय. अजून कापलेला नाही, रेषा पाठीवरून शेपटीकडे न्यायची की पंखाबरोबर खाली, ते ठरत नाहीये.