सागरगोट्याचा चटका

श्रावण शुद्ध षष्ठी, रात्री

आज सकाळी दारातल्या शहाबादी फरशीवर बसून मी सागरगोटा घासत होते. वीस-पंचवीस वेळा जोर लावून घासला की त्याचे टणक कवच असे तापते की अंगाला लागताच माणूस ओरडतो. लहानपणी कोकणातल्या आमच्या शाळेत हा उद्योग वर्गात चाले. आज समोर माझा ३८ वर्षांचा मुलगा मोबाइलमध्ये मान घालून चहा पीत होता, आणि त्याचे उघडे कोपर पाहून मला राहवले नाही. "आई, वय काय तुझं!" असे म्हणून तो कोपर चोळत आत निघून गेला. वय ६५, हे त्यालाही ठाऊक आहे.

काल नागपंचमी होती म्हणून जुना पितळी डबा उघडला, त्यात हे पाच सागरगोटे निघाले. माहेरच्या कुंपणावर लताकरंजाची काटेरी वेल होती. तिच्या तितक्याच काटेरी शेंगांतून एक-दोन राखाडी, गुळगुळीत बिया निघत आणि त्या मिळवताना हात ओरबाडून निघत. काल खेळून पाहिले. एकेक उचलण्याचा डाव जमला, दोन-दोनचाही कसाबसा जमला. पण तीन उचलायला गेले की वर उडवलेला सागरगोटा माझ्याआधी फरशीवर पोहोचतो, कारण बोटे आता पूर्वीसारखी मिटत नाहीत.

नातवंडांसाठी खेळते असे सांगितले की लोकांना ते खपते, नव्हे, कौतुकही होते. माझ्या घरात नातवंड नाही, त्यामुळे ती सबबही नाही. "म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण" ही म्हण मात्र मला मुळीच आवडत नाही, कारण ती म्हणणाऱ्याच्या मनात पडलेले दात आणि भरवावा लागणारा भात असतो, खेळ नसतो.

खरे सांगायचे तर मुलगा लहान होता तेव्हा मी फार मोठी होते. सकाळी डोंबिवलीहून लोकल गाठायची, संध्याकाळी सात वाजता भाजीची पिशवी घेऊन परतायचे आणि चप्पल काढता काढताच गृहपाठाची चौकशी करायची. एकदा हेच पाच सागरगोटे ओंजळीत घेऊन तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला होता, आणि कणीक मळता मळता मी म्हटले होते, "आधी तेराचा पाढा म्हण." त्याने तो न चुकता म्हटला आणि सागरगोटे डब्यात ठेवून दिले. आता माझ्यापाशी वेळच वेळ आहे आणि गंभीर तो झाला आहे. कर्जाचे हप्ते, कार्यालयातल्या बैठका, रात्री अकरालाही वाजणारा फोन. त्याला उपदेश केला तर तो ऐकणार नाही, हे मला ठाऊक आहे. चटका दिला तर निदान मान तरी वर करतो.

इथवर लिहिले आणि मानेवर असा चटका बसला की पेन घसरून पानभर रेघ ओढली गेली. दारातून फरशी घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता, पण माझे लक्षच नव्हते.