संत्र्याला चाकू लागत नाही

घडीचा चाकू विकत घेतला त्या दिवशी आईने विचारलं, "कायले पाहिजे रे तुले रामपुरी?" रामपुरी नाही आई, पेन्सिल तासायचा चाकू आहे, म्हटलं. "पेन्सिल कोण वापरून राहिलं आता?" याला उत्तर नव्हतं. वर्षभराने दुसरा घेतला, तेव्हा तिने विचारणंच सोडून दिलं.

आता एक खिशात असतो आणि एक टेबलाच्या खणात, पण कोणता कुठे, हे दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं. एक लाल मुठीचा स्विस व्हिक्टोरिनॉक्स, स्पार्टन नावाचा. दुसरा फ्रान्सचा ओपिनेल, आठ नंबर, बीच लाकडाच्या गोल मुठीचा. नागपूरच्या इतवारीतल्या पत्र्याच्या चाकूशी तुलना केली तर दोघेही महागच. त्यांच्या किमती मी घरी एकदम कधी सांगितलेल्या नाहीत.

दोघांचं मूळ आल्प्सच्या डोंगरांतलं. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावच्या, व्हिक्टोरिनॉक्स काढणाऱ्या कार्ल एल्सनरने 1891 पासून स्विस सैनिकांना चाकू पुरवले. त्याआधी ते जर्मनीतल्या झोलिंगेनहून यायचे. तिकडे फ्रान्सच्या सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेलने 1890 साली आपला शेतकरी चाकू घडवला. गंमत म्हणजे 1897 हे साल दोघांच्याही कुंडलीत आहे. त्या वर्षी एल्सनरने अवजारं भरलेल्या 'ऑफिसर' चाकूची नोंदणी केली आणि ओपिनेलने एकच चाकू एक ते बारा अशा नंबरांत काढला. एकाने चाकूत संसार भरला, दुसऱ्याने नुसती मापं वाढवली.

स्पार्टन मिटवल्यावर 91 मिलिमीटर, वजन साठेक ग्रॅम. दोन पाती, डबा उघडायचं, बाटली उघडायचं, भोक पाडायची आरी, चिमटा, दातकोरणं. शिवाय बूच काढायचा मळसूत्री स्क्रू. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, आणि माझ्या घरी बुचाची बाटली आलेलीच नाही. त्यामुळे हा स्क्रू मी पायजम्याच्या नाडीची गाठ सोडवायला वापरतो. उत्तम सुटते. पण या चाकूचा खरा मोसम म्हणजे एप्रिल. माळ्यावरून कूलर उतरतो, जुन्या ताट्यांच्या सुतळ्या कापायच्या, पंपाच्या वायरीचं टोक सोलायचं, प्लगचा स्क्रू आवळायचा. अर्ध्या तासात एकाच चाकूची पाच-सहा अवजारं उघडतात आणि घरात माझी किंमत तेवढ्यापुरती वाढते.

ओपिनेलला यातलं काहीच येत नाही. साडेआठ सेंटिमीटरचं एक पातं आणि पात्याच्या बुडाशी फिरणारं एक कडं. कडं फिरवलं की पातं अडकतं, बोटावर मिटत नाही. हे कडं 1955 साली आलं. स्पार्टनच्या पात्याला अशी अडकण नाही. पण कापण्यात मात्र पातळ पात्याचा ओपिनेल सरस. टमाटर दबत नाही, तर्रीपोह्यावरच्या लिंबाची फोड आरपार होते.

त्याची मूठ लाकडाची, म्हणजे तिला ऋतू कळतात. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात पातं सहज उघडतं. जुलैत लाकूड हवेतली ओल पितं, फुगतं आणि पातं आत धरून बसतं. मग मुठीचा मागचा भाग टेबलावर ठक्कन आपटायचा, पातं बोटात धरता येण्याइतकं वर येतं. ही युक्ती खुद्द सावोयकरांची. आमच्याकडे ती ठकठक ऐकली की बायको म्हणते, "लागला वाटतं पावसाळा."

माझा ओपिनेल कार्बन पोलादाचा आहे. पुसून ठेवला नाही तर गंजतो, आणि आंबट कापलं की पात्यावर निळसर-करडी छटा चढते. ती छटा मला हवी होती. एका डिसेंबरात, आंबिया बहाराची संत्री घरात ढिगाने असताना, मी एक संत्रं चाकूने आडवं चिरलं. सगळं घर बघत राहिलं. नागपुरी संत्र्याची साल इतकी सैल की लहान पोरगंही अंगठ्याने सोलतं. त्याला चाकू लावणं म्हणजे पोळी कात्रीने कापण्यातलाच प्रकार. आई म्हणाली, "बाप्पा, याले आता संत्रं बी सोलता येत नाही." पात्यावर मात्र डाग सुंदर उमटला.

संत्र्याला चाकू लागत नाही, असं मीही तोवर धरूनच चाललो होतो. मग थंडीत एका मित्राबरोबर संत्र्याची रोपं आणायला अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजना घाटला गेलो. रोपवाटिकेत एक काका उकिडवे बसून कलमाचे डोळे बांधत होते. जंभेरी लिंबाच्या खुंटावर इंग्रजी टीसारखी चीर, संत्र्याच्या फांदीवरून सालीसकट उचललेला डोळा त्या चिरेत सरकवलेला, वरून पट्टी, की पुढचं झाड. झाड खालून जंभेरी आणि वरून संत्रं. बाजारात ढीग लागतात ती संत्री अशा एकेका चिरेतून निघालेली असतात. काकांचा चाकू घासून घासून अर्धा उरला होता, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

मी मोठ्या अभिमानाने ओपिनेल पुढे केला. त्यांनी धार अंगठ्यावर आडवी पाहिली, कडं दोनदा फिरवलं, मान डोलावली. एक खुंट चिरूनही बघितला. मग चाकू मिटवून माझ्या हातात दिला.

"धार बेस हाय भाऊ. पण साल उचलाले याच्यात कायच नाही."

आणि आपल्या चाकूच्या मुठीमागचं हाडाचं चपटं टोक दाखवून ते पुढच्या खुंटाकडे सरकले.