परड्यातल्या नोंदी, जून ते नोव्हेंबर (आणि नाव न सांगण्याचा प्रयोग)

मंडळी, उन्हाळ्यातल्या नोंदींनंतर बरेच दिवस काही लिहिलं नाही, पण परड्यात जे दिसेल ते लिहायची आमची वही बंद पडलेली नाहीये. उलट पावसाळ्यात एवढं काही झालं की पहिली दोनशे पानी संपून दुसरी चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचं घर कराडला, घरामागं साधारण वीस बाय तीस फुटाचं परडं, त्यात एक लिंबू, एक कढीपत्ता, शेवगा, जास्वंद, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, आणि कोपऱ्यात कुणीही न लावता उगवलेलं बदामाचं रोप जे आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. बघणारे तिघं: मी, मोठी (वय ९) आणि धाकटा (वय ६). सासूबाई चौथ्या, पण त्या म्हणतात मी बघत नाही, मी फक्त बसते, आणि सगळ्यात आधी दिसतं त्यांनाच.

जूनपासून एक बदल केलाय. आधी मोठी विचारायची आई हे काय, मी लगेच सांगायचे बुलबुल, की संपलं, ती पुढं. नाव मिळालं म्हणजे बघून झालं असं तिच्या डोक्यात बसत चाललं होतं, आणि त्याला कारण मीच. म्हणून आता नियम असा की नवीन काही दिसलं तर दोन दिवस नाव सांगायचं नाही. मुलांनी आधी वहीत काढायचं, काय करत होतं ते लिहायचं, स्वतः एक नाव ठेवायचं, मग तिसऱ्या दिवशी पुस्तक काढायचं. पहिल्या आठवड्यात खूप कुरकुर झाली, मोठी तर रुसलीच, कारण तिला माहीत होतं की मला नाव येतंय. पण मग धाकट्यानं बुलबुलाचं चित्र काढलं, डोक्यावर काळा तुरा आणि शेपटीखाली लाल खडूनं एवढा मोठा गोळा, आणि खाली लिहिलं "लालबुड्या". तिसऱ्या दिवशी पुस्तकात नाव निघालं लालबुड्या बुलबुल. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, घरभर सांगत सुटला की पुस्तकवाल्यानी माझंच नाव ठेवलंय. तेव्हापासून कुरकुर बंद.

आता लिंबाच्या झाडाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण जून-जुलै सगळा त्यातच गेला. १८ जूनला मोठीला कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं फुलपाखराचं पिवळसर अंडं दिसलं. तीन दिवसात त्यातून अळी निघाली आणि पहिलं काम काय केलं तर स्वतःचं अंड्याचं कवच खाल्लं, हे भिंगातून तिघांनी बघितलं. सुरुवातीचे दिवस ती अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी-काळी आणि मधे पांढरा पट्टा, धाकट्यानं दोनदा "इथं कुणीतरी घाण केलीय" म्हणून सोडून दिली होती, म्हणजे पक्षी पण तसाच फसत असणार हे मोठीनं स्वतःहून सांगितलं, मी नाही. चार वेळा कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार झाली, लिंबाच्या पानाचाच रंग. आणि मग एका दुपारी धाकट्यानं गवताच्या काडीनं तिला हळूच टोचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाचं दुहेरी शिंग बाहेर आलं, ओलसर, चकचकीत, सापाच्या जिभेसारखं दुभंगलेलं, आणि बरोबर एक उग्र आंबूस वास. तो दचकून मागं पडला. दोन-चार सेकंदात शिंग आत गेलं. त्यानंतर मी टोचणं बंद करायला सांगितलं, कारण एकदा कळलं की परत परत त्रास देण्यात अर्थ नाही, पण त्या एका वेळेचं त्यानं पानभर चित्र काढलंय.

दोन अळ्या होत्या. एक आम्ही बरणीत ठेवली, तोंडाला मच्छरदाणीचं कापड, रोज ताजं पान, रोज लेंड्या साफ, ते काम मोठीनं एक दिवसही चुकवलं नाही. दुसरी झाडावरच राहू दिली. ५ जुलैला बरणीतलीचा कोष झाला, काडीला मागच्या टोकानं चिकटलेला आणि कमरेभोवती रेशमाचा एक बारीक दोर, नारळाच्या झाडावर चढणारा माणूस दोर घेतो ना तसा. हा कोष हिरवा होता, आणि झाडावरचा, खोडाच्या सालीवरचा, तपकिरी. एकाच जातीचे दोन कोष दोन रंगांचे, कारण कोष जिथं होतो तिथल्या आसपासशी मिळताजुळता रंग घेतो.

१४ जुलै, सकाळी सात वाजायच्या आत, सासूबाईंनी हाक मारली. कोष काचेसारखा पारदर्शक झाला होता, आतली पिवळी-काळी नक्षी दिसत होती. मग पाठीकडून उकलला आणि चुरगळलेल्या कागदासारखं काहीतरी बाहेर आलं आणि काडीला उलटं लटकलं. पंख अगदी नखाएवढे. पोट आत-बाहेर होत होतं आणि तसतसे पंख भरत गेले, सुरकुत्या जात गेल्या, साधारण वीस मिनिटात पूर्ण. शाळेची रिक्षा येऊन हॉर्न वाजवत होती, कुणी हललं नाही, शेवटी मी रिक्षावाल्या काकांना सांगितलं पाच मिनिटं थांबा, तर तेपण आत येऊन बघत उभे राहिले.

झाडावरच्या कोषाचं वेगळं झालं. तो नुसताच काळपट पडत गेला आणि एक दिवस त्याला टाचणीनं पाडल्यासारखं गोल भोक दिसलं. आम्ही बघत असतानाच त्यातून मोहरीपेक्षा जरा लांबट अशा चकाकत्या बारीक माश्या एकामागून एक बाहेर यायला लागल्या. ह्या परजीवी गांधीलमाश्या, कोष ताजा असताना त्यात अंडी घालतात आणि पिल्लं आतून कोष खाऊन मोठी होतात. मोठी खूप रडली. धाकटा विचारत होता मग आपलं फुलपाखरू कुठंय. मी खोटं काही सांगितलं नाही, जे आहे ते सांगितलं. मोठीचं म्हणणं आता सगळ्या अळ्या बरणीत आणूया. दोन दिवस घरात त्यावर चर्चा चालू होती आणि मला तिचं पटत नव्हतं, कारण ती माशीसुद्धा ह्याच परड्यातली आहे, आणि सगळ्या अळ्या वाचल्या तर लिंबाला पान राहणार नाही. शेवटी ठरलं ते असं, एका हंगामात एकच अळी बरणीत, बाकीच्यांच्या फांदीला लाल दोरा बांधायचा आणि जे होईल ते लिहायचं. वहीत आता "काय झालं" असा एक रकाना आहे आणि त्यात बहुतेक ठिकाणी "दिसेनाशी झाली" असंच लिहिलंय.

मधल्या काही गोष्टी पटापट. बाजरी आणि तांदूळ टाकून बघितले, पंधरा दिवसात नुसती कबुतरंच, बंद केलं. पाण्याची मातीची परात मात्र छान चालली, दोनच इंच खोल, मधे एक दगड, पाणी रोज बदलायचं नाहीतर डास होतात. साळुंकी, दयाळ, खार, आणि एकदा चष्मेवाला नावाच्या छोट्या पक्ष्यांचा पूर्ण थवा एकदम अंघोळीला. जुलैमधे रात्री पांढरी चादर आणि मागं बल्ब लावून पतंग बघितले, ते मुलांना सगळ्यात आवडलं, पण पालीला पण आवडलं त्यामुळे तासाभरात आवरलं. एकदा धामण आली. बिनविषारी आहे हे मला कळलं तरी मुलांना नियम एकच, जिथं आहात तिथं थांबायचं, हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची. ती आपली आली तशी कुंपणातून गेली.

आता शिंपी. २६ जुलैला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बदामाच्या रोपावर एक चिमणीपेक्षा लहान, हिरवट पाठीचा, तांबूस डोक्याचा पक्षी एका पानाशी काहीतरी करताना दिसला. मुलांनी नाव ठेवलं "टुविट". मादी होती, शिवायचं काम तीच करते. चोचीनं पानाच्या कडेला भोक पाडायचं, कापसाचा नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा धागा त्यातून ओढून घ्यायचा, आणि गंमत म्हणजे ती गाठ मारत नाही, धाग्याचं टोक बाहेरच्या बाजूला फुलतं आणि त्यामुळे तो परत आत सरकत नाही. प्रत्येक टाका वेगळा. सासूबाई आयुष्यभर ब्लाउज शिवत आल्यात, त्यांनी दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं ही तर कच्चं घालतीया." पानाची हिरवी बाजू बाहेरच त्यामुळे एकदा खिडकी सोडून परड्यात गेलात तर घरटं सापडत नाही.

इथं आम्ही कडक राहिलो. बारा फुटाच्या आत कुणी जायचं नाही, घरट्याचा फोटो नाही, आजूबाजूचं पान तोडायचं नाही, कपडे वाळत घालायची दोरी पण महिनाभर पुढच्या अंगणात. जे काय बघायचं ते खिडकीतूनच. अंडी किती ते आम्हाला कधीच कळलं नाही आणि ते चालतंय. १४ ऑगस्टला दोघं जण अळ्या, किडे चोचीत धरून आत-बाहेर करायला लागले म्हणजे पिल्लं निघाली. मग मोठी एकदा घाबरून धावत आली की आईच अंडं पळवतीय! चोचीत पांढरं काहीतरी घेऊन ती लांब गेली आणि टाकलं. दोन दिवस नाही सांगितलं, तिलाच मोजायला लावलं. तिनं लिहिलं, दर चार-पाच वेळा खाऊ आणला की एकदा पांढरं बाहेर जातं, एवढी अंडी असूच शकत नाहीत. बरोबर! ती पिल्लाची शी, पांढऱ्या पातळ पिशवीत बांधलेली, घरटं स्वच्छ राहावं आणि वासानं कुणी येऊ नये म्हणून आईबाप ती लांब नेऊन टाकतात. अख्ख्या सहा महिन्यातली माझी सगळ्यात आवडती नोंद हीच.

२८ ऑगस्टला सकाळी घरटं गप्प. आदल्या संध्याकाळी भारद्वाज कुंपणावर बसलेला मी बघितला होता, तो घरट्यातली पिल्लं खातो, त्यामुळे माझ्या पोटात गोळा. मोठीनं वही काढली, १४ ते २८ म्हणजे चौदा दिवस, पुस्तकात उडायला साधारण तेवढेच लागतात असं दिलंय, म्हणजे उडाली असतील. धाकटा म्हणाला असतील म्हणजे नक्की नाही. मग दोघं शेवग्याखाली शाळेच्या कपड्यांतच बसून राहिले आणि अर्ध्या तासानं वरून बारीक ची-ची ऐकू आली, आखूड शेपटीची दोन तरी पिल्लं, आणि मोठा शिंपी भरवताना स्पष्ट दिसला.

५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह झाला, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, आपल्या राज्यात २०२० पासून साजरा होतोय. आम्ही रोज सकाळी पंधरा मिनिटं मोजणी केली. सगळ्यात जास्त एका दिवसात ११ जाती, सगळ्यात कमी ४, त्या दिवशी शेजारी स्लॅब टाकायचं चालू होतं. फेब्रुवारीत परसबागेतल्या पक्ष्यांची जी जगभरची मोजणी असते तिच्यातपण एका बैठकीला निदान पंधरा मिनिटं मोजायचं असतं, म्हणून हाताला सवय करून घेतोय.

आणि काल संध्याकाळी मागच्या भिंतीवर एक नवीन आलाय. वरून काळा, पोट विटकरी, बसला की शेपटी सारखी थरथरवतो. मला कोण ते लगेच कळलं, थंडीत लांबून येतो आपल्याकडं, आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले. धाकट्यानं चित्र काढून खाली लिहिलंय, "थंडी वाजणारा. ह्याला स्वेटर नाही." पुस्तक उद्या संध्याकाळी उघडायचंय.